खडकाला गिऱ्हाईक

“ढग पंख्याला घाबरतात का हो, बुवा?”

जयसिंग शेडगे विचारून स्वतःच हसला. असला प्रश्न आपल्याला विचारावा लागतोय, याचंच त्याला हसू येत होतं.

मठाच्या ओसरीवर बसलेले चैतन्यगिर बुवा मात्र हसले नाहीत. ते काठी टेकत पायरीवर आले आणि त्यांनी वर पाहिलं... ढग होते. पश्चिमेकडून येत होते आणि सड्यावर न थांबता पूर्वेला निघून जात होते. श्रावण अर्धा सरला होता आणि हिरडेवाडीची नाचणी अजून वीतभरसुद्धा झाली नव्हती.

“न्हाई,” बुवा म्हणाले. “ढग कशाला घाबरत्याल?”

जयसिंगाचा जीव भांड्यात पडला.

“हेच! एवढंच उद्या सभेत सांगा.”

सडा म्हणजे हिरडेवाडीच्या डोक्यावरचं खडकाळ पठार. तिथं कंपनीनं एकतीस पवनचक्क्या उभ्या केल्या, त्याला सहा वर्षं झाली. गाव त्यांना पंखे म्हणतं. जयसिंग त्या कंपनीचा इथला अधिकारी. गावचाच मुलगा, आणि बुवांचा शिष्य. बारा ते वीस वयापर्यंत तो या मठात राहिला, इथली धुनी त्यानं सारवली. आता गळ्यात ओळखपत्र होतं आणि खाली वाटेवर जीप उभी होती. बूट मात्र त्यानं पायरीखाली काढले होते, तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

कंपनीला अजून वीस पंखे उभे करायचे होते. त्यासाठी गावचा ठराव लागत होता. आणि गाव उद्याच्या ग्रामसभेत उलटाच ठराव करायला निघालं होतं. पंखे ढग पळवतात, पाऊस पडू देत नाहीत, सबब एकही नवा पंखा नको.

“गाव तुमचं, ठराव तुम्ही आणा,” असं मोठ्या साहेबांनी जयसिंगाला सांगितलं होतं. ठराव आला तर त्याला पुण्याच्या ऑफिसात वरची जागा मिळणार होती. नाही आला तर काय, ते साहेबांनी सांगितलं नव्हतं. पण पंधरा दिवसांत त्यांनी त्याचा फोन दोनदाच उचलला होता, आणि त्यावरून जे समजायचं ते तो समजला होता.

“माझं कुणी ऐकत नाही, बुवा,” तो म्हणाला. “मी आकडे दाखवले. पलीकडच्या तालुक्यात एक पंखा नाही, तिथंही पाऊस नाही. गेल्या साली हेच पंखे फिरत होते, तर आपल्या ओढ्यानं साकव वाहून नेला. सगळं सांगून झालं. आप्पा म्हणतो, तू पंख्याचं मीठ खातोस.”

आप्पा म्हणजे तातोबा शेडगे, जयसिंगाचा थोरला चुलता. पंख्यांविरुद्धच्या ठरावाच्या बाजूनं सगळ्यात मोठा आवाज त्याचाच. हाच आप्पा रोज सकाळी खाकी सदरा घालून, शिट्टी आणि दांडकं घेऊन चौदा नंबरच्या पंख्याखाली वॉचमन म्हणून उभा राहतो. चौदा नंबरचा पंखा ज्या खडकावर आहे तो खडक पूर्वी आप्पाचाच होता. या गोष्टीचं गावात कुणी नाव काढत नाही.

“तुमचा शब्द मात्र कुणी मोडणार नाही,” जयसिंग म्हणाला.

बुवा परत येऊन बसले. मठाच्या मागं, शंभर पावलांवर, एक पंखा फिरत होता. त्याचा सूं... सूं... असा आवाज ओसरीवर येत होता.

“कुनाला सांगू?” बुवांनी विचारलं.

“गावाला.”

“गावाला ठाऊक हाय.”

“काय?”

“ढगांचं खोटं हाय ह्ये.”

जयसिंगाला वाटलं, म्हातारपण. बुवा ऐंशीच्या पुढं गेले होते. त्यानं मास्तरासारखा आवाज काढला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

“बुवा, नीट ऐका. वीज कशानं होते? कोळसा जाळून होते, त्याचा धूर आणि राख. नाहीतर धरण बांधून होते. आपलं खालचं जुनं गाव कशात गेलं? विजेपायीच पाण्यात गेलं ना? तुम्ही स्वतः देव डोक्यावर घेऊन वर आलात. इथं कुणाला बुडवावं लागलं नाही. हा वारा फुकट वाहून जात होता, बुवा! आपण घेतला तरी कमी होत नाही. आज घेतला, उद्या परत येतो.”

हे बोलताना तो खरंच मनापासून बोलत होता. या गोष्टीवर त्याचा विश्वास होता, आणि तो विश्वास खोटा नव्हता.

“येतो,” बुवा म्हणाले. “वारा परत येतो.”

“मग?”

“खडक येत न्हाई.”

“खडकात काय होतं, बुवा? कुसळं!”

“आसंच बोलला हुतास तू. आप्पाच्या सोप्यावर बसून.”



ते दिवस जयसिंगाला आठवत नव्हते असं नाही. तो घरोघर जाऊन चहा प्यायला होता. खडकात काय पिकतंय, आप्पा? कंपनी घेतीय तर देऊन टाका. आणि गावाला वाटलं होतं की शेडग्याच्या पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय. सड्यावरचा कातळ! ज्यात खुंटा ठोकायला गेलं तर पहार वाकते तो! असला खडक विकत घेणारं येडं गिऱ्हाईक देवानं पाठवलं म्हणून गाव हरखून गेलं होतं. त्यांनी तर आपसात ठरवलं होतं की कंपनीच्या माणसांसमोर कुणी हसायचं नाही, नाहीतर गिऱ्हाईक सावध होईल. आप्पा तोंड पाडून म्हणायचा, वाडवडिलांचा खडक हाय, जीव हुत न्हाई साहेब. आणि साहेबांची गाडी वळली की देवळामागं जाऊन पोट धरून हसायचा.

कागद व्हायचे होते त्याच्या चार दिवस आधी गावानं याच मठात भंडारा घातला. गव्हाची लापशी, आमटी आणि भात. ‘देवानं खडकाला गिऱ्हाईक दिलं’ असं एकमेकांच्या कानात म्हणत तीन पंगती उठल्या. जयसिंगही त्यांच्यात बसून हसत होता. गाव कंपनीला हसत होतं, आणि जयसिंग गावाला.

“पंखे उभं ऱ्हायलं तवा समजलं त्यास्नी,” बुवा म्हणाले. “येडं कोन ते.”

“मग तेव्हाच म्हणायचं होतं, आम्हाला फसवलं म्हणून.”

“कसं म्हनत्याल? फसवायला तर ते बसलं हुतं.”

...

“ढग पळवलं म्हनलं,” बुवा सावकाश बोलत होते, “की मानूस लुटला गेलेला ऱ्हातो. चौकात मान वर करून बसता येतं. येडा ठरला की बायकूनं वाढल्यालं ताट बी जड हुतं. आप्पा सहा वर्सं त्या पंख्याखाली उभा हाय. त्यानं वर बघून काय म्हनायचं? म्या इकला? हसत हसत इकला? त्यापरीस ढग बरं.”

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. हिरडेवाडीनं मूठ झाकायला आभाळातले ढग घेतले होते. जयसिंगाला आप्पाचा खाकी सदरा आठवला. सदरा त्यानंच आणून दिला होता, आणि देताना आपण उपकार करतोय असं त्याला वाटलं होतं. आत्ता त्याला लाज वाटली. पण उद्याची सभा समोर होती, आणि त्यानं लाज बाजूला सारली.

“मग तुमचं म्हणणं काय? खोट्यावर ठराव होऊ द्यायचा?”

“न्हाई. खोटं ते खोटंच. म्या सांगतो की.”

“सांगता?”

“ढगांचं म्या सांगतो,” बुवा म्हणाले. “वाऱ्याचं तू सांग.”

“वाऱ्याचं काय?”

“खडक मागाया गेलास, तवा तुला ठाऊक हुतं. कुसळाचं न्हाई, वाऱ्याचं गिऱ्हाईक हाय ह्ये. तेवढं सांग. आप्पाम्होरं उभा ऱ्हाऊन सांग.”

पंखा फिरत होता. सूं... सूं...

जयसिंगाच्या डोळ्यांसमोर सभा उभी राहिली. आपण उठलोय. आप्पा समोर बसलाय. आपण म्हणतोय की मला माहीत होतं, आप्पा. खडकाची किंमत खडकाची नव्हती, हे मला माहीत होतं, आणि तरी मी कुसळं म्हणालो... पुढचं त्याला दिसेना. ठराव तर जाईलच, नोकरीही जाईल. पण त्याला जास्त भीती वाटली ती वेगळीच. आई गेल्यावर चुलतीनं त्याला पदराखाली घेतलं होतं, आणि अजून गौरीच्या सणाला त्याचं पान आप्पाच्या घरीच मांडलं जात होतं. ते घर बंद होणार होतं.

मग त्याला राग आला. रागात त्याची शहरी बोली कुठल्या कुठं गेली.

“आन् तुमास्नी न्हवतं ठाऊक?”

बुवांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

“मला वारा कुनी शिकवला? झेंडं कुनाचं?”

या मठावर उंच काठीला भगवं निशाण असतं. दर दसऱ्याला नवं चढतं. जुनं कधी टाकत नाहीत. वर्षभरात वाऱ्यानं खाऊन जेवढं उरेल तेवढं कापड घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवायचं, ही इथली रीत. जयसिंग मठात असताना बुवांनी त्याला ते वितीनं मोजायला शिकवलं होतं. ज्या साली वारा जास्त, त्या साली कापड कमी. कुठल्या महिन्यात वारा कुठून सुटतो, सड्याच्या कुठल्या कडेला झाडं का वाकतात, रात्री वारा का फिरतो, सगळं बुवांनी त्याला पाठ करून घेतलं होतं. बुवांनी ही रीत सुरू केल्यापासूनची सव्वीस वर्षांची निशाणं पेटीत होती.

कंपनीचे लोक सडा बघायला आले तेव्हा जयसिंगानं ती पेटी त्यांच्यासमोर उघडली. मोजमापं त्यांनी नंतर आपल्या यंत्रांनी केलीच. पण दुसऱ्या कंपन्या डोंगर हुडकत फिरत होत्या, तेव्हा हे सड्यावर येऊन बसले होते. जयसिंगाच्या नोकरीचं मूळ त्या पेटीत होतं.

“पेटीला कुलूप हुतं,” जयसिंग म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. “किल्ली तुमच्या कमरंला हुती. म्या चोरली न्हाई. तुमी सोडून माझ्या हातात दिलीसा. मग आता माझ्या एकट्याच्या गळ्यात का बांधताय?”

बोलून झाल्यावर तो हादरला. गुरूला इतकं बोलणं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं.



“दिली,” बुवा म्हणाले.

...

“साहेब काय म्हनला हुता, ध्यानात हाय?” त्यांनी विचारलं.

जयसिंगाच्या ध्यानात होतं. सडा बघायला आलेल्या साहेबानं याच ओसरीवर सव्वीस निशाणं ओळीनं पसरली होती, त्यांचे फोटो काढले होते आणि बुवांपुढं हात जोडले होते.

“बाबा, तुम्ही शास्त्रज्ञ आहात,” जयसिंग हळूच म्हणाला.

“साठ वर्सं ह्या सड्यावर बसलो,” बुवा म्हणाले. “लोकं पाया पडत्यात, पोरांची नावं ठिवून घेत्यात, सोयरिकी पुसत्यात. वारा कुनी पुसला न्हाई. त्यो पयला मानूस... मला बरं वाटलं, जयसिंगा. लई बरं वाटलं.”

जयसिंग खाली बघत राहिला. उद्याच्या सभेत ज्या शब्दाच्या वजनावर त्याची भिस्त होती, तो शब्द इतक्या स्वस्तात गेला होता, हे त्याला ऐकवेना.

“भंडाऱ्याच्या दिशी म्या लापशी वाढत हुतो. गाव साहेबाची नजर चुकवून हसत हुतं. मला ठाऊक हुतं, ही मानसं काय द्याया निघाल्याती. कागदाला अजून चार दीस हुतं. एका पंगतीत, एकाच्या कानात सांगाय पायजे हुतं. आप्पाच्या पानापाशी थांबलो बी.”

“मग?”

“साहेब म्होरल्या पंगतीत बसला हुता. माझ्याकडं बघून हसला... म्या आप्पाला लापशी वाढली आन् फुडं गेलो.”

वारा ओसरीतून आरपार जात होता. धुनीतली राख उडून जयसिंगाच्या इस्त्रीच्या विजारीवर बसली. त्यानं ती झटकली नाही.

बुवा काठी भिंतीला टेकवून उठले. सावकाश दोन पावलं पुढं आले आणि जयसिंगासमोर उभे राहिले. त्यांनी उजव्या हातानं डावा कान धरला, डाव्या हातानं उजवा. शाळेत चुकलेलं पोर मास्तरासमोर धरतं तसे कान धरून ते गुडघ्यांत वाकू लागले.

“बुवा!” जयसिंगानं धावत त्यांचे खांदे धरले. “बुवा, काय करताय हे! कुणी बघेल!”

बुवांनी त्याच्याकडं पाहिलं. कान त्यांच्या हातातच होते.

“बघंल?”

जयसिंगाला आपलेच शब्द ऐकू आले. गुरू शिष्यासमोर उठाबशा काढतोय आणि आपल्याला सुचलं ते ‘कुणी बघेल’. त्याच्या तोंडाची चव गेली. डोळ्यांत पाणी आलं, पण पुरतं आलं नाही. त्यानं बुवांना धरून घोंगडीवर बसवलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. बुवांनी दोन घोट घेतले.

खाली वाटेवर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. साहेबांचा फोन आला असणार. सड्यावर फोन फक्त जीपपाशीच लागत असे.

जयसिंग उभा राहिला. त्यानं तोंडावरून हात फिरवला. खाली उतरून पायरीपाशी बूट घालता घालता त्याची बोलीही पुन्हा नीटनेटकी झाली.

“जे झालं ते झालं, बुवा. आता ते उगाळून कुणाचं भलं होणार आहे? खडक परत येत नाही, तुम्हीच म्हणालात. मग निदान पुढचं तरी नीट होऊ दे. नव्या वीस पंख्यांत मी गावाचं बघतो. पोरांना कामं देतो. रस्ता करून घेतो. शब्द देतो तुम्हाला.”

बुवा ऐकत होते.

“उद्या दहाला जीप पाठवतो. सरपंचाच्या शेजारी तुमची खुर्ची मांडतो. दोन वाक्यं बोला. ढगांचा आणि पंख्यांचा काही संबंध नाही, एवढंच. ते खरंच आहे ना? खरंच बोलायचंय तुम्हाला. बाकीचं... बाकीचं आपण नंतर कधीतरी बघू.”

बुवांनी तांब्या खाली ठेवला.

“सगळं गाव असणार आहे. आप्पा पण येणार आहे.”

...

“बुवा, येणार ना?”

बुवांनी सड्याकडं पाहिलं. एकतीसच्या एकतीस पंखे फिरत होते. त्यांच्या वरून ढग जात होते. मग त्यांनी जयसिंगाकडं पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

“येनार की,” ते म्हणाले. “खुर्ची नगं मांडूस. खाली, तुझ्याशेजारीच बसतो. आधी कोन उठतं ते बघू.”